मागच्या खोलीची कडी

मंगळवार, २९ एप्रिल २०२५. रात्रीचे आठ. बोरपांढरी, सिंदी (रेल्वे)हून आत जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. रस्त्याला लागून शेवटून दुसरं घर. ऊन असं पडलं होतं की रात्री आठलाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती. दुसऱ्या दिवशी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

छापखान्याची लाइन गेलीच आहे आणि तासभर काही येत नाही, तर मोबाइल खिशात घाला आणि ऐका. पुढचं तुम्हाला पटणार नाही. नका पटवून घेऊ. पण तारीख आणि जागा खोटी म्हणू नका, ती मी स्वतः जाऊन तपासली आहे.

घर दौलतरावचं. हा माणूस माझ्या ओळखीचा. वांगी-टमाटर पिकवतो, सिंदीच्या बाजारात विकतो. किडकं वांगं आधी गिऱ्हाइकाला दाखवून मग बाजूला टाकणारा. याला खोटं बोलता येत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. हे ध्यानात ठेवा.

रस्ता रुंद होणार होता. साहेब लोक आले, घराच्या भिंतीवर लाल रंगानं आकडा टाकला आणि गेले. विचारायला नव्हते आले, सांगायला आले होते. दौलतरावचा मुलगा कैलास सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये कामाला आहे. त्यानं तिकडंच घर बांधलं होतं. अखाजीच्या मुहूर्तावर तिथं चूल पेटवायची, असं ठरलं. सामान गेलं. कूलर पहिल्याच खेपेत गेला, त्याचा दोर दौलतरावनं स्वतः आवळला होता. विजेचं मीटरही आदल्या दिवशी काढून नेलं होतं. घरात उरले चार खिळे, एक झाडणी आणि दौलतराव.

तो मागे का थांबला? तर त्यांच्या घराण्यात एक रीत होती. घर कायमचं सोडायचं असलं की दिवेलागणीनंतर घरच्या कर्त्यानं एकट्यानं थांबायचं. आतली सगळी दारं सताड उघडायची. उंबऱ्यावर दिवा लावायचा, पाण्याचा तांब्या ठेवायचा. मग त्या घरात जे जे वारले, त्यांना एकेकाला नाव घेऊन हाक मारायची, की चला, घर बदललं. आणि मागे न बघता निघायचं. ज्याची हाक राहिली, तो तिथंच राहिला.

शेवटचा टेम्पो निघताना दौलतरावची बायको गोपिका केबिनमधून वाकून म्हणाली, "हाका साऱ्याईले मारजा."

"साऱ्याईले म्हंजे?"

"म्हंजे साऱ्याईले. उद्याच्या घागरी म्या तीन आणल्या यंदा."

अखाजीला आपल्याकडं मेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, हे तुम्हाला सांगायला नको. वर गेलेल्या माणसाला उन्हाळ्याची तहान लागू नये म्हणून.

"तीन कायले?" दौलतराव म्हणाला. "एक बापूजीची, एक मायची."

"वांगे सोडून दुसरं काई मोजता येत नाई का तुमाले?"

स्टेअरिंगवरून कैलास ओरडला, "बाबा, लवकर निघजा. हेल्मेट घालजा. अन् भुताईसंग गप्पा हाणत बसू नका, उद्या सकाळी पूजेले बसा लागते!"

टेम्पो गेला. धूळ खाली बसली.

आता तिसरी घागर कोणाची, ते सांगतो.

दौलतरावला एक धाकटा भाऊ होता. अंकुश. वर्ध्याला कॉलेजात वर्षभर गेला, गळा गोड, गावच्या भजनात पुढं बसायचा. विशीत त्याचं डोकं बिघडलं. आधी रात्रभर बोलत बसायचा, मग रेल्वेच्या रुळांवरून चालत सुटायचा. घरच्यांनी बाबा केले, दर्गे केले, एकदा डॉक्टरही केला. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्या नाहीत. मग मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसली. सिंदीच्या लोहाराकडून करवून आणलेली, अंगठ्याएवढी जाड. वर टिनाचं छप्पर, भिंतीत वीतभर झरोका.

त्या गावात सरपंच होता. पोलीस पाटील होता. शाळेत मास्तर होते, अधूनमधून नर्स यायची. यातल्या कोणाला ती कडी दिसली नाही म्हणता? सगळ्यांना दिसली. सगळ्यांनी त्या घरात बसून चहा प्याला.

मे २००३. हिंगणघाटला नात्यातलं लग्न, सकाळचं. अंकुशला नेता येत नव्हतं. त्याची माय, पंचफुला, तिनं आत पाण्याचा माठ ठेवला, भाकर ठेवली आणि कडी लावली. दुपारी बाराला दौलतरावनं परतायचं, भावाला बाहेर काढायचं, पाणी पाजायचं, असं ठरलं होतं. दौलतरावनं सगळ्यांना सांगितलं की बस चुकली, मी चारला पोचलो. पोचलो तेव्हा संपला होता. माठ फुटलेला होता.

पेपरात चार ओळी आल्या. उष्माघाताचा बळी. पंचनामा झाला, त्यात दाराचं मापसुद्धा घेतलं. त्या दाराला तेव्हा कडी नव्हती. चार खिळ्यांची चार ताजी भोकं होती. लाकूड आतून पांढरं दिसत होतं. एकानंही विचारलं नाही, की ही भोकं कशाची.

पंचफुला पुढं आठ वर्षं जगली. उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायची नाही, रांजणातलं तापलेलं प्यायची. कोणी काही म्हटलं की एकच बोलायची, "म्याच लावलती कडी. या हातानं लावलती." दौलतराव बाजूला बसून ऐकायचा. मरताना तिनं त्याचा हात धरला आणि तेच म्हणाली. तेव्हाही तो ऐकतच होता.

कारण चारची वेळ खोटी होती. हे जगात एकट्या दौलतरावला माहीत होतं. आणि ते कुठं, कधी, कोणाला सांगायचं, याला आता एकच रात्र उरली होती. सकाळी जेसीबी येणार होता.

तर आठ वाजले. दौलतरावनं आतली दारं उघडली. तीन होती. मागच्या खोलीचं त्यानं शेवटी उघडलं, आत न बघता नुसतं ढकललं आणि परत फिरला. मध्येच कैलासचा फोन येऊन खोळंबा नको, म्हणून मोबाइल समोरच्या खोलीच्या कोनाड्यात ठेवला. उंबऱ्यावर दिवा लावला. तांब्या ठेवला. हात जोडले.

त्यानं घराकडं पाहिलं. या दारातून गोपिका माप ओलांडून आली. या ओसरीत कैलास रांगला. भिंतीवर कोळशानं काढलेल्या त्याच्या उंचीच्या रेघा अजून होत्या. चुना त्यांच्याभोवतीनं मारायचे, रेघांवर मारायचे नाहीत. दौलतरावनं हात फिरवला, बोटाला काळं लागलं.

"बापूजी," तो म्हणाला. "चाला. घर बदललं."

थांबला.

"माय... चाल व माय. घर बदललं. कैलासनं मोठं बांधलं. हवा येते."

पुन्हा थांबला.

पुढचं नाव जिभेवर होतं. पण नुसतं नाव घेऊन कसं चालणार होतं? त्या नावाच्या मागे दुसरंही बोलावं लागलं असतं. दौलतरावनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. मनात म्हणाला, नाव नाही घेतलं तरी समजत असेल त्याला. आणि हेल्मेट उचललं.

("काका, आन कोणी नाईच ना तिथं?" हा आपल्या छापखान्यातला पोरगा, आदेश, मध्येच विचारतो. नाही बाबा. शेजारची घरं आधीच रिकामी झाली होती. कुत्रीसुद्धा निघून गेली होती. भुतापेक्षा तेच जास्त वाईट असतं. बस, ऐक.)

हेल्मेट उचललं आणि सवयीनं एक नजर आत टाकली. मागच्या खोलीचं दार बंद होतं.

वारा नव्हता. दिव्याची ज्योत हलत नव्हती. दार त्यानं स्वतः ढकलून उघडलं होतं, आणि त्या दाराला लावायला काही नव्हतंच. बावीस वर्षं ती खोली कांदे ठेवायला वापरत, दार मोडक्या विटेनं अडवून. दौलतरावला वाटलं, वीट सरकली असेल. आतलं एकही दार बंद राहता कामा नये, ही रीत. तो दिवा घेऊन मागे गेला.

दार ढकललं. उघडलं.

आत कांद्याचा वास यायला हवा होता. नव्हता. कोंडलेल्या माणसाचा वास होता. घाम, मूत, आणि तापलेलं टिन.

तो दोन पावलं आत गेला. वीट शोधायला वाकला.

मागे दार लागलं.

हळू लागलं. आदळलं नाही. जसं कोणी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून लावतं, तसं. आणि मग बाहेरून आवाज आला. लोखंडावर लोखंड. आधी किरर्र, मग ठक.

तो आवाज दौलतरावच्या ओळखीचा होता.

दिवा विझला.

"कोन आहे?" तो ओरडला. "कोन आहे बे तिकडं? उघड!"

काही नाही.

त्यानं खांदा मारला. दार बोटभर हललं आणि अडलं. बाहेर लोखंड होतं. त्यानं दोन्ही हातांनी दार बडवलं. वरचं टिन दिवसभराचा जाळ खाली ओतत होतं. घाम डोळ्यांत जायला लागला. किती वेळ बडवलं, ते त्याला सांगता येत नाही. समोरच्या खोलीत फोन वाजला. कैलास असणार. दौलतराव जिवाच्या आकांतानं ओरडला, जणू फोनला ऐकू जाईल.

फोन वाजत होता... आणि त्याच्या खालून दुसरा एक आवाज वर येत होता.

आधी नुसती घरघर. मग पंख्याची फरफर. मग पाणी. पंपानं वर ओढलेलं पाणी वाळ्याच्या तट्ट्यांवरून ठिबकत होतं.

कूलर चालू झाला होता.

दौलतराव दाराला कान लावून उभा राहिला. दाराच्या फटीतून ओला वास आला. भिजलेल्या तट्ट्यांचा. थंड. कूलर सेवाग्रामला होता. मीटर भिंतीवर नव्हतं. आणि समोरच्या खोलीत कूलर चालला होता. फोनचा आवाज त्यात बुडून गेला.

त्यानं पुन्हा दार बडवलं. आता त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं.

घसा सुकला. जीभ टाळूला चिकटली. तो खाली बसला, फटीशी तोंड नेलं. आणि तोंडातून जे निघालं, ते ठरवून निघालं नाही.

"पाणी..."

कूलरच्या आवाजातून कोणीतरी बोललं. समोरच्या खोलीतून. झोपेला आलेला, कंटाळलेला, जवान माणसाचा आवाज.

"देतो ना. देतो. थांब जरासा."

मग खाट करकरली.

आवाज परका नव्हता. तो आवाज त्याचाच होता. बावीस वर्षांपूर्वीचा.

"पाणी दे..." तो म्हणाला.

"देतो म्हन्लं ना..."

आणि कूलरचा आवाज वाढला. कोणीतरी बटण फिरवलं होतं.

मग घोरणं.

दौलतराव अंधारात बसून राहिला. किती? माहीत नाही. हात दारावर. कपाळ दारावर. पलीकडं तो स्वतः झोपला होता, थंडाव्यात, लग्नाचं जेवून. त्या झोपणाऱ्याला कोणी उठवणार नव्हतं. कारण तेव्हाही कोणी उठवलं नव्हतं.

शेवटी तो बोलला. हळू बोलला. कूलरच्या वर आवाज चढवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

"अंक्या..."

कूलर चालूच.

"अंक्या, मी चारले नाई आलतो. बाराले आलतो. बस नाई चुकली माही. मी आलतो, तू दार वाजवून राह्यला होता. मी म्हन्लं, देतो. जरासा पडतो अन् देतो. ऊन लागलतं मले... मले वाटलं, कूलरच्या आवाजात मले ऐकू नाई आलं. मी मलेच तसं सांगतलं. इतके दिवस."

त्यानं दम घेतला.

"खोटं आहे थे. ऐकू येत होतं. पहिले ऐकू येत होतं, अंकुश. मंग... म्या बटन फुल केलं."

कूलर बंद पडला.

एकदम. पात्यांची शेवटची फरफर झाली, तट्ट्यांवरून थोडं पाणी ठिबकलं. मग काहीच नाही. अशी शांतता, की दौलतरावला स्वतःचा श्वास मोठा वाटायला लागला. आणि त्या श्वासाला धरून दुसरा श्वास होता. दाराच्या पलीकडं. अगदी खाली, फटीशी. जसा कोणी बसलेला असावा... दाराला पाठ लावून.

"मायनं नाई मारलं तुले," दौलतराव म्हणाला. "माय तशीच गेली. म्या सांगतलं नाई तिले. कडीबी म्याच उपटली, पोलीस यायच्या आंधी. हिरीत टाकली. म्या केलं सारं."

पलीकडं काही हललं नाही.

"चाल अंकुश. घर बदललं. तुही घागर आणली गोपिकानं. चाल ना गा..."

तो रडत होता. मग बाहेर लोखंड सरकलं. आधी ठक, मग किरर्र. दार उघडलं आणि डोळ्यांवर टॉर्चचा झोत आला.

कैलास होता.

फोन उचलत नाही म्हणून गोपिकाला सेवाग्रामला उतरवून तो टेम्पो तसाच उलटा घेऊन आला होता. तो दारात उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दौलतरावला कळलं की हा आत्ता आलेला नाही. शेवटचं त्यानं ऐकलं होतं. कदाचित सगळंच.

कैलासनं झोत बापाच्या तोंडावरून खाली घेतला.

मग कैलास म्हणाला, "बाबा, बाहेरून कडी कोनं लावली?"

"कडी नाई या दाराले."

"नाई कशी? म्या आता उघडली ना."

अंकुश गेला तेव्हा कैलास सहा वर्षांचा होता. त्याच्या आठवणीत त्या दाराला फक्त भोकं होती. आता त्यानं टॉर्च बाजूला फिरवली. दौलतराव भिंत धरून उठला आणि बघितलं.

चार भोकांत चार खिळे होते. त्यावर कडी होती. अंगठ्याएवढी जाड, सिंदीच्या लोहाराची, टोकाशी किंचित वाकलेली. तिच्यावरून काळा गाळ ओघळत होता. खाली जमिनीवर पाण्याचं लहानसं थारोळं साचलं होतं.

विहीर परसात होती, हे खरं. पण नळ आल्यावर ती मुरुमानं बुजवली होती. बुजवली त्या दिवशी कैलास स्वतः ट्रॅक्टरवर होता.

"कैलास," दौलतराव म्हणाला. "तुवं ऐकलं?"

"चाला बाबा," कैलास म्हणाला. "मायले तुमी सांगा. मी नाई सांगत."

सकाळी अखाजीला सेवाग्रामच्या घरात तीन घागरी भरल्या गेल्या. तिसरी दौलतरावनं स्वतः भरली. भरताना गोपिकाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सासूबाई असत्या त सांगतलं असतं का?" दौलतराव घागरीत पाणी ओतत राहिला. कैलास अजूनही बापाशी कामापुरतं बोलतो.

पूजा उरकून, जेसीबी यायच्या आधी दौलतरावनं बोरपांढरीला जाऊन ती कडी पक्कडीनं काढली आणि तसाच ठाण्यात गेला. टेबलावर ठेवली. म्हणाला, लिहून घ्या, म्या मारलं. तिथले हसले. म्हणाले, काका, सण आहे, घरी जा, पुरणपोळी खा. कागदावर तो माणूस उन्हानं मेला आहे. ऊन काय अटक करायचं?

तिथून तो माझ्याकडं आला. तुमच्या छापखान्यात तरी ठेवा म्हणाला, घरात नको. त्या खुंटीला पिशवी दिसते ना? आदेश, तुला विश्वास नाही तर हात लावून बघ. लाव, चावत नाही. पेपरात गुंडाळली आहे. पेपर आजचाच आहे. कालचा सकाळी फेकला, भिजून लगदा झाला होता.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. बोरपांढरीचं ते घर, परस, विहीर, सगळं डांबराखाली गेलं. २००३च्या पंचनाम्यावर तिघांच्या सह्या आहेत. तिघंही जिवंत आहेत. दारातल्या चार भोकांबद्दल मी तिघांनाही घरी जाऊन विचारलं. एकानं दार लावून घेतलं, एकानं चहा विचारला, एक नुसता बसून राहिला. उत्तर कोणी दिलेलं नाही.

आणि कडी अजून वाळलेली नाही.